तीन पक्ष फिरून आलेला उमेदवार डावा की उजवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, पण मतदार यादीत नाव गावी, अहिल्यानगर जिल्ह्यात. राजकीय कल डावा की उजवा हे मोजणारी एक परदेशी चाचणी सोडवली तेव्हा तुमची स्वतःची जागा ‘मध्यापासून थोडी डावीकडे’ आली. मग तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांना त्याच पट्टीवर ठेवायला बसलात आणि गाडी अडली. त्यातल्या एकाने पंधरा वर्षांत तीन पक्ष बदललेत. तो आधी डावा होता आणि आता उजवा झाला, की मुळात कशातच नव्हता, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं निवडणूक पाहण्यांचं काम करतो. प्रश्नावल्या मराठीत बसवणं, गावोगाव जाणाऱ्या मुलामुलींना तयार करणं, जाहीरनामे वाक्यावाक्याने वाचून त्यांची वर्गवारी करणं हे माझं रोजचं काम. तुमचा प्रश्न मला दर निवडणुकीला भेटतो. मला वाटतं, उमेदवाराचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं यापेक्षा तुम्हाला वेगळंच काहीतरी हवंय. तुम्हाला ज्या गोष्टीची पर्वा आहे, तिच्यावर वेळ आली तर हा माणूस कोणाच्या बाजूने उभा राहील, हे तुम्हाला कळायला हवंय. ते बऱ्यापैकी सांगता येतं. एका पट्टीवर मात्र ते मावत नाही.

आधी शब्दांचंच घ्या. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा का, यावर वाद पेटला. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधातले डाव्या. त्या बसण्यातून साऱ्या जगाला दोन शब्द मिळाले. पण मराठीत आले तेव्हा हे शब्द रिकामे नव्हते. आपण ‘पोरांत डावं-उजवं करू नये’ म्हणतो, ‘मला डावललं’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका पाहणीत आम्ही शून्य ते दहा अशी शिडी छापलेलं कार्ड नेलं होतं. शून्य म्हणजे पूर्ण डावं, दहा म्हणजे पूर्ण उजवं, तुम्ही कुठे? कणकवलीकडच्या एका वाडीत एका आजीने कार्ड हातात घेतलं, उन्हाकडे धरून निरखलं आणि सरळ दहावर बोट ठेवलं. आमच्या मुलीने कारण विचारलं. आजी म्हणाली, ‘उजवो कौल म्हणजे देवाचो होकार. डावो कित्याक घेऊ?’ त्या भागात देवाच्या मूर्तीला कळे, म्हणजे फुलं-पानांचे लहान तुकडे, लावून कौल घेतात. उजवीकडचा कळा पडला की होय, डावीकडचा पडला की नाही. निवडणुकीच्या निकालालाही आपण कौलच म्हणतो. आजीचं उत्तर तिच्या जागी चोख होतं, चूक आमच्या प्रश्नाची होती. त्यानंतर मी मतदारांना तो प्रश्न विचारणं सोडलं.

मतदारांचं राहू द्या, उमेदवारांची जागा तरी मोजता येईल की नाही? अमेरिकेत त्याची एक पक्की रीत आहे. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल या अभ्यासकांनी ती १९८०च्या दशकात बसवली. तिथल्या दोन्ही सभागृहांत कोणी कुठल्या ठरावावर काय मत दिलं याची नावानिशी नोंद असते. सारखं मत देणारे जवळ ठेवायचे, उलट मत देणारे लांब. शेकडो मतदानांतून प्रत्येकाची जागा उमटत जाते.

आपल्याकडे ही रीत पहिल्याच पायरीवर थांबते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे सभागृहातलं मत आमदाराचं नसून पक्षाचं असतं. त्यातून बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, नावानिशी नोंद राहतच नाही. आणि जिथे खरा ताण असतो तिथे सगळे एका सुरात बोलतात. मराठा आरक्षणाचं विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ ला एकमताने मंजूर झालं आणि २० फेब्रुवारी २०२४ चं दहा टक्क्यांचं विधेयकही एकमतानेच. या मतांवरून जागा ठरवायची म्हटली तर विधानसभेचे सगळे २८८ आमदार एकाच ठिपक्यावर येऊन बसतील.

अपवाद घडतो तेव्हा मी तो वहीत टिपून ठेवतो. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी हे विधेयक आहे, अशी सरकारची मांडणी होती. मंजुरीच्या वेळी विरोध नोंदवणारे एकटे आमदार होते डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्या विधेयकाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, एवढ्या एका नोंदीवरून त्या आमदाराची जागा जितकी स्पष्ट दिसते तितकी पन्नास भाषणांतूनही दिसली नसती.

मग जाहीरनामे? बर्लिनमधला एक मोठा प्रकल्प जगभरातले जाहीरनामे वाक्यावाक्याने मोजतो. उजवीकडची वाक्यं किती टक्के, डावीकडची किती, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे पक्षाची जागा. त्याच धर्तीवर मी आपल्याकडचे जाहीरनामे वाचून पाहिलेत आणि दर वेळी तोच अनुभव येतो. मोठा भाग शेतकरी आणि कल्याणकारी योजना यांतच जातो. आणि गंमत अशी की शेतकऱ्यांच्या भल्याची वाक्यं त्या जागतिक पट्टीत डावीकडेही धरत नाहीत आणि उजवीकडेही नाहीत. आपल्या जाहीरनाम्यांचा गाभाच तिथे गळून पडतो.

कायद्यानेही इथे एक वेगळीच अट घातली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क नुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला घटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागदावर आपल्याकडे प्रत्येक नोंदणीकृत पक्ष समाजवादी आहे. ही अट मनापासून खटकली ती शेतकरी नेते शरद जोशींना. ‘समाजवाद’ हा शब्द तिथून काढावा म्हणून त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं होतं.

शरद जोशींचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेला हा नेता रस्ते अडवायचा, हजारो शेतकरी तुरुंगात जायला तयार करायचा. हे झालं चळवळीचं, म्हणजे ‘डावं’ रूप. मागणी काय, तर सरकारने शेतीमालाच्या बाजारातून हात काढावा, निर्यात खुली करावी. ही तर अस्सल ‘उजवी’ मागणी. १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन त्यांच्याच शेतकरी संघटनेचं आणि बायकोच्या नावे जमीन करून देणारी लक्ष्मी मुक्ती मोहीमही तिचीच. आणि मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं तेव्हा १८६ विरुद्ध १ अशी नोंद झाली, तो एक म्हणजे शरद जोशी. या माणसाला पट्टीवर कुठे ठेवाल? कुठेही ठेवलं तरी त्यांच्यातला निम्मा माणूस बाहेर राहतो. वेगवेगळ्या प्रश्नांवर त्यांची जागा वेगवेगळी, पण पक्की होती. आपण शोधायचं ते हेच.

म्हणून मी एका पट्टीऐवजी चार वापरतो. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी भारतासाठी दोन पट्ट्या सुचवल्या आहेत: समाजात आणि बाजारात सरकारने किती हात घालावा, आणि मागे राहिलेल्या समूहांना सरकारने वेगळी मान्यता, वेगळी सवलत द्यावी का. त्या मला पटतात. महाराष्ट्रासाठी मी त्यांत धर्म आणि राष्ट्र यांची एक, आणि भाषा-प्रदेशाची एक अशी भर घालतो.

पहिल्या पट्टीवर, म्हणजे पैशाच्या बाबतीत, आपले मोठे पक्ष एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तिथे वेळ घालवू नका असंच मी सांगेन. दुष्काळातून आलेली रोजगार हमी योजना काँग्रेसच्या काळातली. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली ती शिवसेना-भाजप सरकारने. २०२४ मध्ये महायुती सरकारने लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये सुरू केले आणि महाविकास आघाडीने ३००० चं आश्वासन दिलं. यात उजवं कोण? कांद्याचंही तेच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली. मधल्या पाच महिन्यांत लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, किसान सभाही निर्यात खुली करा म्हणत होती आणि सत्ताधारी पक्षाचे स्थानिक पुढारीही बंदीचं उघड समर्थन करू शकत नव्हते. बाजार खुला करा असं सगळेच म्हणत होते, कारण त्यांच्या मतदाराच्या चाळीत कांदा पडून होता. मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं आणि जूनमधल्या निकालात दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या आणि भास्कर भगरे निवडून आले.

धर्म-राष्ट्राच्या पट्टीवर पक्षांमधलं अंतर खरं आहे आणि उमेदवाराची जागा इथे बहुतांशी पक्ष ठरवतो. पण पक्षही जागा बदलतात. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली ती मुंबईतल्या मराठी माणसाच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर. हिंदुत्व तिच्या मध्यभागी आलं १९८७ च्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीपासून. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार बनवलं, तेव्हाच्या किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख होता. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला तेव्हा बाहेर पडलेल्यांनी जी कारणं दिली त्यांत हे कारण अगदी वर होतं. म्हणून उमेदवाराने पक्ष कधी बदलला आणि त्या वेळी नक्की काय म्हणाला, ती तारीख आणि ते निवेदन जुन्या वर्तमानपत्रातून शोधून काढा.

भाषा-प्रदेशाची पट्टी जागी झाली की बाकीच्या झोपतात. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष होते आणि त्यांच्याच बरोबर जनसंघ आणि हिंदू महासभाही होती.

आता तुमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण तिथे ही पट्टी फार बारीक स्वरूपात दिसते: पाट कुठून कुठे वाहतो यात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीमुळे तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो प्रश्न उभा राहतो. अशा वर्षी नगर-नाशिकमधले आमदार पाहा. पक्ष कुठलाही असो, पाणी सोडायला विरोध. आणि मराठवाड्यातले पाहा, पक्ष कुठलाही असो, पाणी सोडा. एकाच पक्षाचे दोन आमदार एकमेकांविरुद्ध उभे असतात आणि एकमेकांच्या कट्टर विरोधातले दोघे एका निवेदनावर सह्या करतात. तुमच्या उमेदवाराची या प्रश्नावरची जागा त्याचा विचार ठरवत नाही, धरणाच्या भिंतीच्या वर त्याचे मतदार आहेत की खाली, हे ठरवतं.

त्या तीन पक्ष फिरलेल्या माणसाकडे यायला हा रस्ता बरा आहे. साखरपट्ट्यातल्या अशाच एका उमेदवाराची भाषणं मी तीन निवडणुकांत, तीन वेगवेगळ्या झेंड्यांखाली, वहीत उतरवून घेतली आहेत. तिन्ही भाषणं शेजारी ठेवून मी एकदा रेघा मारल्या. बदलली ती सुरुवातीची वंदनं, वरच्या नेत्यांची नावं आणि देशाबद्दलचा एक परिच्छेद. एकदा तिथे संविधान होतं, एकदा राष्ट्र, एकदा राज्याचा स्वाभिमान. न बदलता राहिलं ते असं: उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कारखान्याचं गाळप, तालुक्याच्या गावाला वळण-रस्ता आणि ‘बाहेरच्या माणसाला इथे लुडबुड करू देणार नाही’ हे वाक्य. शेवटचं वाक्य तर शब्दशः तेच. ती त्याची खरी जागा. या माणसाला विचार नाहीत असं मी म्हणणार नाही. त्याचा विचार त्याच्या संस्थांमध्ये आहे: कारखाना, जिल्हा बँकेतली खुर्ची, दूध संघ, शिक्षणसंस्था. त्या टिकवायला सरकारची साथ लागते, आणि सरकार बदललं की त्याचा झेंडा बदलतो.

संस्था जागा कशी ठरवतात हे उसाच्या पैशात अगदी जवळून दिसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, दोन टप्प्यांत द्यायला कारखान्यांना मुभा दिली. शेतकरी संघटनांचं म्हणणं, कायद्याप्रमाणे एकरकमी द्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. या तीन वर्षांत ज्यांच्याकडे कारखाना होता असे पुढारी कुठल्याही पक्षात असोत, त्यांना टप्पे सोयीचे होते. कारखानदार आणि ऊस उत्पादक या दोघांच्या मध्ये उमेदवार कुठे उभा राहिला, हे तुम्ही शोधलंत तर तुम्हाला कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त कळेल.

हे सगळं शोधायचं कुठे, तर उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र घ्या. मालमत्ता आणि गुन्हे सगळेच वाचतात. तुम्ही उत्पन्नाचा स्रोत, कर्ज कोणत्या बँकेचं आहे आणि सरकारी कंत्राटं आहेत का, ते रकाने वाचा. आधी आमदार असेल तर विधिमंडळातले त्याचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना काढा. पक्षादेशाचा चाप मतदानाला असतो, प्रश्न कशावर विचारावा हे बऱ्याच अंशी आमदार स्वतः ठरवतो, म्हणून मला प्रश्नांची यादी मतांच्या नोंदीपेक्षा मोलाची वाटते. आमदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. सभामंडप किती, कुठल्या वस्त्यांत. दलित वस्तीतला रस्ता आहे का. मुलींच्या वसतिगृहाला काही दिलंय का. मान्यतेच्या, म्हणजे मागे राहिलेल्या समूहांबद्दलच्या, पट्टीवरची जागा भाषणात सापडत नाही, या यादीत सापडते.

एवढं जमवल्यावर मी स्वतः एकच गोष्ट शोधतो: या माणसाने आपल्याच मतदारांपैकी कोणाला, कधी, कशासाठी नाराज केलं? फुकट मिळणारी भूमिका कोणीही घेतो. आरक्षणाच्या सभेत दुसऱ्या समाजाचं म्हणणं मांडलं, गावच्या जत्रेतल्या बळीप्रथेविरुद्ध बोलला, थकीत ऊसबिलांसाठी स्वतःच्याच संचालक मंडळाविरुद्धच्या निवेदनावर सही केली, असं एखादं जरी उदाहरण सापडलं तरी त्या प्रश्नावरची त्याची जागा पक्की समजा. काहीच सापडलं नाही तर जागा ‘वाऱ्याप्रमाणे’ असं स्पष्ट लिहा. तीही एक माहिती आहे, आणि ती लिहिताना मला नेहमी वाईट वाटतं.

ही रीत कुठे चालत नाही तेही सांगतो. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या उमेदवाराची नोंदच नसते, तिथे तो ज्या चळवळीतून किंवा घराण्यातून आला त्याकडे पाहावं लागतं. जिल्हा परिषद, पंचायत समितीला स्थानिक आघाड्या एवढ्या उलटसुलट असतात की पक्षाच्या नावावरून काहीच अनुमान काढू नये. आणि ज्या मतदारसंघात खरोखर वैचारिक पक्ष रुजलेला आहे तिथे माझी अर्धी सावधगिरी गैरलागू ठरते. सांगोल्यातून गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या एकाच झेंड्याखाली अकरा वेळा निवडून आले. त्यांच्याही संस्था होत्या, तरीही झेंडा बदलला नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तो उमेदवार आधी डावा नव्हता आणि आता उजवा झाला नाही. धर्म-राष्ट्राच्या पट्टीवर तो पक्षाबरोबर सरकलाय, पुन्हा सरकेल. पाण्यावर आणि कारखान्यावर तो पंधरा वर्षं जिथे होता तिथेच आहे. मान्यतेच्या पट्टीवर तो कुठे आहे ते मला इथून दिसत नाही, ते त्याच्या निधीच्या यादीत असेल. तुम्ही मध्यापासून डावीकडे आहात म्हणता, पण तुम्हाला त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं वाटतं ते आधी कागदावर लिहा, दोनच प्रश्न. मग यादी मिळवा. जिल्हा नियोजन कार्यालयाने नाही म्हटलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादी हातात आली आणि वाचताना कुठे अडलात तर विचारा, आपण मिळून वाचू.